गावकी, पालखी आणि पावडर: रविवारच्या सभेत काय बोलू?

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात माध्यमिक शाळेत शिकवते. वेळ कमी आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

येत्या रविवारी आमच्या गावकीची, म्हणजे गावच्या जाणत्या मंडळींची, सभा आहे. विषय एकच, आमच्या वाडीतलं एक घर. त्या घरातला मुलगा पावडर घेतो हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. काही जाणत्या मंडळींचं म्हणणं असं की यंदा शिमग्याला घरोघर जाणारी देवाची पालखी त्या घरी नेऊ नये, त्यांच्या कार्याला कुणी जाऊ नये आणि पोरगा गाव सोडेपर्यंत त्यांच्याशी देणंघेणं बंद ठेवावं. बाकीची पोरं बिघडू नयेत, हा त्यांचा हेतू. हेतूवर मला शंका नाही. पण मार्ग चुकीचा आहे असं मला मनापासून वाटतं, आणि सभेत उभं राहून ते सांगायचं तर हातात काहीतरी ठोस हवं.

मुलगा पंचविशीतला. बारावीनंतर हर्णैच्या एका बोटीवर खलाशी होता, मग एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागला. पावडर पहिल्यांदा घेतली ती रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून, असं त्यानेच आईला सांगितलंय. कुणी एमडी म्हणतं, कुणी क्रिस्टल. नक्की काय ते घरच्यांना माहीत नाही.

त्याच्या आईने मला घरी बोलावून दाखवलं ते सांगते. पडवीत पेपर पसरला होता आणि त्यावर विहिरीवरच्या पंपाची मोटर पूर्ण उघडून ठेवली होती. स्क्रू आकाराप्रमाणे ओळीने लावलेले, वायसर वेगळे, तांब्याची तार वेगळी गुंडाळलेली. रात्रभर बसून केलेलं काम. जोडायला घेतलं की दोन स्क्रू लावायचा आणि परत उघडायचा. हाताला कोपरापासून मनगटापर्यंत खाजवून खाजवून खपल्या धरलेल्या, कातडीखाली काहीतरी चालतंय म्हणत होता. दात सारखे एकमेकांवर घासत होता. आणि मागच्या माडांत बसून कुणीतरी आपला मोबाईल ऐकतंय, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

थोरल्या भावाची जाळी विकून झाली आहेत. बाप कुणाशी बोलत नाही. आई मला म्हणाली, "बाई, बाहेरचं काही असेल का हो?"

इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, बंदरावरची माणसं आहेत. कृपया लिहा.

वाशिष्ठीकाठ

ताई, तुमची कळकळ समजते. पण गावाची बाजूही बघा. आमच्याकडे एकाचं कळलं तेव्हा सगळे गप्प बसले, वर्षभरात आणखी चार पोरं त्याच्या संगतीला. एमडी घेणारा स्वतःच्या खर्चासाठी दुसऱ्याला विकायला लागतो, हा यातला मोठा धोका. माझ्या मते सरळ पोलिसांना कळवा. वाळीत टाकायला माझाही विरोध आहे, पण "आजारी आहे बिचारा" म्हणून सोडून देणंही नको.

रातांबा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, कोकणातच काम करतो. वेळ काढून सविस्तर लिहितो.

आधी पदार्थाबद्दल. आपल्याकडे एमडी म्हणतात ते मेफेड्रोन. क्रिस्टल किंवा आइस म्हणजे मेथॅम्फेटामिन. दोन्ही मेंदूला उत्तेजित करणारी रसायनं, दोन्ही डोपामिनचा, म्हणजे मेंदूतल्या आनंद वाटवणाऱ्या रसायनाचा, लोंढा सोडतात. झोप आणि भूक उडते, अंगात दहा हत्तींचं बळ आल्यासारखं वाटतं. फरक मुख्यतः वेळेचा. मेफेड्रोनचा अंमल काही तासांत उतरतो, म्हणून माणूस एका रात्रीत परत परत घेतो. मेथचा अर्धा भाग शरीरातून जायलाच दहा-बारा तास लागतात, त्यामुळे माणूस दोन-दोन, तीन-तीन दिवस टक्क जागा राहतो. आपल्या भागात मी बघितलेले बहुतेक रुग्ण एमडीचे आहेत. मेथ अजून कमी आहे, पण आहे.

सुरंगीताई, तुम्ही लिहिलेलं मोटरचं वर्णन वाचून मी थांबलो, कारण हे अगदी पुस्तकात असतं तसं लक्षण आहे. वस्तू उघडणं, मांडणं, परत उघडणं. कातडीखाली किडे चालल्याचा भास हेही लक्षणच. कुणीतरी पाळतीवर आहे ही खात्रीसुद्धा. त्या माउलीला सांगा, बाहेरचं काही नाही. हे त्या रसायनाचं काम आहे. नशा थांबली की हे भास बहुतेकांत काही दिवसांत, काही आठवड्यांत ओसरतात. महिना उलटला तरी राहिले तर मूळचा मानसिक आजार आहे का ते तपासावं लागतं.

घरच्यांनी आत्ता काय करावं: संशयाच्या भरात असताना त्याच्याशी वाद घालू नका, "तिथे कुणी नाही रे" हे शंभरदा पटवायला जाऊ नका. एकाच माणसाने, हळू आवाजात बोलावं. कोयता, विळी, कीटकनाशकाची बाटली त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. छातीत दुखलं, अंग तापून भट्टी झालं, झटका आला तर एक मिनिट न घालवता १०८ला फोन करा.

आता जे कुणी सांगत नाही ते. नशा थांबल्यावर पहिले काही दिवस हे लोक नुसते झोपतात आणि खातात. घरच्यांना वाटतं, पोरगा सुधारला. डॉक्टर बंद, गोळ्या बंद. खरा कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. मेंदूची आनंद वाटण्याची यंत्रणाच रिकामी झालेली असते. जेवण, मित्र, क्रिकेट, सण, कशातच गोडी उरत नाही. आत्महत्येचा धोका या काळात सगळ्यात जास्त. मेथ सोडलेल्यांच्या मेंदूच्या चाचण्यांत असं दिसलंय की एक-दीड वर्ष दूर राहिल्यावर बराच भाग भरून येतो. म्हणजे सावरता येतं, पण गणपतीला सोडली आणि दिवाळीला बरा झाला असं होत नाही.

अफू-हेरॉईनच्या व्यसनाला बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधं आहेत. मेथ आणि एमडीला तसं पर्यायी औषध नाही. २०२१ साली नॅल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि बुप्रोपिऑन एकत्र देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी साधारण १४ टक्क्यांना उपयोग झाला, नुसत्या दिखाऊ औषधावरच्या गटात अडीच टक्क्यांना. थोडा आधार आहे, पण तेवढाच. सगळ्यात जास्त पुरावा आहे तो एका साध्या पद्धतीला: ठरावीक दिवशी लघवीची तपासणी, स्वच्छ आली की लगेच काहीतरी बक्षीस, आणि हे महिनोन्‌महिने. छोटं पण हमखास मिळणारं. ज्या मेंदूला कशातच आनंद वाटत नाही त्याला रोजच्या जगण्याची गोडी परत लावायची असते.

म्हणून वाळीत टाकण्याला माझा विरोध केवळ दयेपोटी नाही. उपचाराच्या अगदी उलट दिशेचं ते पाऊल आहे. पालखी, कार्य, खेळ, काम ही गावाकडे असलेली बक्षिसं आहेत. ती काढून घेतली की त्याच्याकडे पावडर देणारा मित्र तेवढा उरतो.

देवगडची

माका मालवणीतच लिवक जमता, समजून घेवा. आमच्या घराकडे असाच झालेला. माझ्या भैणीचो झील (मुलगो). मुंबैक कामाक गेलो, थयसून ही सवय घेवन इलो. आवशीक (आयेक) पयल्याच म्हयन्यात समाजलेला, पण ती कोणाक सांगूक तयार नाय. कित्या? तर धाकट्या चेडवाचा (मुलीचा) लगीन ठरत होता. दोन वर्सां लपयल्यान. समई गेली, कानातली गेली, मगे बागेचो अर्धो तुकडो गेलो. चेडवाचा लगीन झाला, पण झील रवलो नाय.

सुरंगीताई, सभेच्या आदी त्या आवशीक जावन भेटा. ती एकटी आसा.

वाशिष्ठीकाठ

देवगडची, वाचून फार वाईट वाटलं.

रातांबा, वैद्यकीय बाजू पटली. पण हा माल येतो कुठून यावर कुणी बोलेल का? २०२३च्या ऑगस्टमध्ये आमच्या किनाऱ्यावर पाकिटं वाहून आली होती, तेव्हापासून गावोगाव भीती आहे.

तांडेल

यावर मी बोलतो. पंचवीसेक वर्षं समुद्रावर आहे, आता दोन बोटी आहेत.

२०२३च्या पावसाळ्यात कर्दे, लाडघर, केळशी, मुरुड, कोळथरे, तिकडे श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंत जी पाकिटं लागली ती चरसची होती. कस्टम आणि पोलिसांनी शेकडो किलो गोळा केली. त्याचा आणि एमडीचा संबंध लावू नका. एमडी समुद्रातून यायची गरजच नाही, ती इथेच बनते. त्याच वर्षी डिसेंबरात खोपोलीत रायगड पोलिसांनी एमडीचा कारखानाच धरला, माल शंभर कोटींच्या वरचा. बंद पडलेली रासायनिक युनिटं, भाड्याचे गाळे, हायवे जवळ. कोकणात अशा जागांची वाण नाही.

मेथचं वेगळं. ती समुद्रातून जाते हे खरं आहे. मे २०२३मध्ये केरळच्या समुद्रात नौदल आणि एनसीबीने (केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने) अडीच हजार किलो मेथ पकडली. नोव्हेंबर २०२४मध्ये पोरबंदरकडे सातशे किलो, आणि त्याच महिन्यात अंदमानजवळ म्यानमारच्या एका मच्छीमार बोटीतून साडेपाच हजार किलोच्या वर. हे सगळं आपल्या किनाऱ्यावर उतरायला निघालेलं होतं असं नाही. पण आपण ज्या पाण्यात जाळं टाकतो त्याच पाण्यातून ही वाहतूक चालते, हे प्रत्येक बोटमालकाने लक्षात ठेवावं. अनोळखी बोटीकडून काही घेऊ नये, तरंगतं पाकीट दिसलं तर उचलू नये, तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावं.

आता मूळ मुद्दा. पोरं हे का घेतात? मौजेसाठी घेणारे थोडे. बोटीवर रात्री दोनदा-तीनदा जाळं ओढायचं, मध्ये मासळी निवडायची, बर्फ मारायचा, झोप तासाभराची. पूर्वी तंबाखू आणि चहावर निघायचं, दारू किनाऱ्यावर आल्यावर. आता कुणीतरी सांगतं की ही पुडी घे, झोपच येणार नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. बोट वर ओढलेली, हातात काम नाही, मालकाकडून घेतलेली उचल डोक्यावर, आणि सवय मात्र लागलेली. मग तेच पोरगं मुंबई-पुण्याला किंवा एमआयडीसीत जातं आणि तिथली रात्रपाळी.

मी माझ्या बोटींवर एक नियम केलाय. सलग दोन रात्री एकाच माणसाला जाळ्यावर ठेवत नाही, एक खलाशी जास्त घेतो. वाटा थोडा कमी येतो सगळ्यांचा. सुरुवातीला कुरकुर झाली, आता नाही.

मिझुरीकर

मूळ गुहागरचा, गेली बरीच वर्षं अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या एका लहान गावात औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. तांडेल यांचं वाचून राहवलं नाही, कारण इथलीही गोष्ट रात्रपाळीपासूनच सुरू होते.

मक्याची शेती, डुकरांचे गोठे, मांस कापून पॅक करणारे मोठे कारखाने. शेतीतलं उत्पन्न आटलं, कारखान्यांनी मजुरी कमी केली, माणसं दोन-दोन पाळ्या करायला लागली. मेथ त्या पाळ्यांसाठी आली. १९९०नंतर लोक घरीच बनवायला लागले. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन काढायचं आणि शेतात खतासाठी ठेवलेल्या टाक्यांमधला अमोनिया चोरायचा. मिझुरी वर्षानुवर्षं अशा घरगुती भट्ट्यांमध्ये देशात पहिल्या क्रमांकावर होतं. स्फोट व्हायचे, भाजलेली माणसं यायची, घरातली पोरं सरकार ताब्यात घ्यायचं. कितीतरी मुलं आजी-आजोबांनी वाढवली.

२००६मध्ये कायदा आला. त्या गोळ्या काउंटरच्या मागे गेल्या. ओळखपत्र दाखवायचं, वहीत नोंद करायची, दिवसाला ३.६ ग्रॅमच्या वर मिळणार नाही. ही नोंद मी स्वतः रोज करतो. घरगुती भट्ट्या खरोखर कमी झाल्या, आणि ते चांगलंच झालं. पण मेथ कमी झाली नाही. मेक्सिकोतल्या टोळ्यांनी एफेड्रिन-स्यूडोएफेड्रिनशिवाय बनवायची वेगळी पद्धत धरली, माल जास्त शुद्ध आणि जास्त स्वस्त झाला. अलीकडे त्यात फेंटानिल हे अफूच्या जातीचं फार तीव्र रसायन मिसळलेलं सापडतं आणि माणसं झोपेतच जातात.

हे लिहिण्याचं कारण एवढंच. तांडेल म्हणतात तसले कारखाने धरलेच पाहिजेत. भारतातही २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापुरातल्या एका कारखान्यातून १८ टनांवर एफेड्रिन जप्त केलं होतं, म्हणजे कच्चा मालही आपल्याकडे आहे. पण पुरवठा तोडून गाव बरं होतं असं समजून इथल्या लोकांनी वीस वर्षं घालवली. ज्या गावांमध्ये थोडीतरी माणसं परतली तिथे कुणीतरी त्यांना काम दिलं, कुणीतरी दर आठवड्याला दवाखान्यात गाडीने नेऊन आणलं. गावाकडचे दवाखाने लांब असतात, हा अडथळा इकडे आणि तिकडे सारखाच.

काळा कोट

सभेच्या दृष्टीने कायद्याचं लिहितो. ताई, हे छापून सोबत न्या.

पहिलं, वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली झाला आणि २०१७पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठराव लिहिणारा, सभेत त्याला हात वर करणारा, सगळे त्यात येऊ शकतात. रायगड-रत्नागिरीत गावकीच्या बहिष्काराचे किती तंटे झाले ते या कायद्याआधीच्या दशकात आपण सगळ्यांनी पाहिलंय. देवाच्या पालखीपासून घर तोडणं हे त्याच व्याख्येत बसतं. जाणत्यांना धमकी म्हणून सांगू नका, काळजीने सांगा. बहुतेकांना हे माहीतच नसतं.

दुसरं, अमली पदार्थांचा १९८५चा कायदा. मेफेड्रोन त्यात फेब्रुवारी २०१५मध्ये आलं. एमडी असो वा मेथ, २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं. याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेतो, तेव्हा सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. अट अशी की उपचार पूर्ण करायचे, अर्धवट सोडले तर संरक्षण जाऊ शकतं. "डॉक्टरकडे नेला तर पोलीस उचलतील" या भीतीने घरी डांबून ठेवणाऱ्यांना हे सांगा. विकणाऱ्याला हे संरक्षण नाही.

तिसरं, तो नाहीच म्हणाला तर? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल तर घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी तपासून, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. पण ते नोंदणी असलेल्या ठिकाणीच. गाडीत घालून नेणारी, साखळीने बांधणारी, मारहाण करणारी "केंद्रं" बेकायदेशीर आहेत. पैसे भरण्याआधी नोंदणीचा कागद मागा.

पुन्हा उभा

मी स्वतः एमडीतून बाहेर आलेला माणूस आहे. पुण्यात मुक्तांगणमध्ये होतो. १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेली संस्था, दारू-गर्दपासून आताच्या एमडीपर्यंत सगळे रुग्ण तिथे एकत्र असतात. तिथे कळलं की आतले दिवस सोपे, बाहेर आल्यावरचे कठीण.

तीन गोष्टी मला उपयोगी पडल्या. जुना मोबाईल नंबर बंद केला, कारण माल देणारा स्वतःहून फोन करतो, तोही पगाराच्या दिवशी. हातात रोख पैसे नकोत म्हणून पगार आईच्या खात्यात वळवला. आणि एका काकांनी मला रोज सकाळी सहाला हाक मारली. मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं. काही बोलायचे नाहीत. सुरुवातीला राग यायचा, तरी उठायचो.

उपदेश करू नका त्याला. त्याला सगळं माहीत असतं.

वाशिष्ठीकाठ

माझं मत बदलतंय असं म्हणायला हरकत नाही. तरी एक प्रश्न राहतोच. तो आता दुसऱ्या पोरांना देत असेल तर?

काळा कोट

तर ती माहिती पोलिसांना द्यायची, आणि द्यायचीच. १९३३ या एनसीबीच्या हेल्पलाइनवर नाव न सांगता देता येते. पण नाव द्यायचं ते वरच्याचं. हा मुलगा स्वतः उपचाराला तयार झाला तर वरच्याचं नाव बहुतेकदा त्याच्याचकडून मिळतं. वाळीत टाकलेला माणूस गावाला काहीही सांगत नाही.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. देवगडच्या ताईंचं ऐकून शनिवारी संध्याकाळी त्या माउलीकडे गेले. दीड तास बसले. ती बरंचसं रडली, मग म्हणाली की सभेत मी येते. गावकीच्या सभेला आमच्याकडे बायका सहसा जात नाहीत. दोघी गेलो.

सभा चांगलीच तापली. काळा कोट यांचा कागद वाचला तेव्हा एक जाणते उठून निघून गेले, "आता गावाने सरकारला विचारून पालखी नाचवायची का" म्हणत. त्यांचा राग मी समजू शकते, त्यांचा नातू त्याच मुलाच्या वर्गातला. पण माउली उभी राहिली आणि एकच वाक्य बोलली: "माझ्या दारात पालखी आली नाही तर हा घरात कुणासाठी राहील?" त्यानंतर कुणी बहिष्काराचं नाव काढलं नाही.

ठरलं ते असं. पालखी त्या घरी जाईल. तिघांनी मिळून त्याला रत्नागिरीला मनोरुग्णालयात दाखवायला न्यायचं, गाडीचा खर्च गावकीच्या पैशातून. आमच्याकडून एसटीने चार तास लागतात आणि एकट्या आईला ते झेपणारं नाही. शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांशी मी आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई बोलणार.

सुरंगी (शिमग्यानंतर)

बरेच जण विचारत आहेत म्हणून लिहिते. पालखी गेली. तो बाहेर आला नाही, आतल्या खोलीतच होता. आईने ओटी भरली.

रत्नागिरीला एकदा जाऊन आलो. गोळ्या सुरू झाल्या, भास बरेच कमी आहेत, दिवसदिवस झोपतो. रातांबा, तुम्ही लिहिलं होतं तसंच घरचे म्हणायला लागले की आता बरा झाला, कशाला परत जायचं. दुसऱ्या तारखेला त्याने यायला नकार दिला. मी तुमचा प्रतिसाद त्याच्या बापाला वाचून दाखवला. बाप इतके दिवस गप्प होता, त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, म्हणाला पुढच्या गुरुवारी मी नेतो.

पुरवठा करणाऱ्याबद्दल १९३३ वर कळवलं आहे. त्यावर अजून काही समजलेलं नाही.

दोन प्रश्न. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या पट्टीने घरी तपासलं तर चालेल का? आणि आंब्याचा हंगाम सुरू झालाय. एक बागायतदार त्याला बागेत राखणीला ठेवायला तयार आहेत. झोपडीत राहायचं, रात्री माकडं-चोर बघायचे. शांत जागा आहे, गावापासून लांब. पाठवावं का?

रातांबा

पट्टीचं आधी. मेथ घेतलेली असेल तर साध्या ॲम्फेटामिनच्या पट्टीवर दोन-चार दिवसांपर्यंत दिसते. मेफेड्रोन मात्र त्या पट्टीवर दिसेलच असं नाही. पट्टी स्वच्छ आली म्हणून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये, आणि भलतीच रंगली म्हणून त्याला चोर ठरवू नये, सर्दीच्या काही औषधांनीही ती रंगते. तपासणी दवाखान्यातच करा. घरी पोलिसी नको.

राखणीला अजिबात पाठवू नका. रात्रीचं जागरण, एकटेपणा आणि हंगामाच्या शेवटी एकरकमी पैसे, तिन्ही गोष्टी त्याला सध्या घातक आहेत. मन खचण्याचा काळ आत्ताच आहे. मध्यरात्री कधीही वाईट विचार बोलून दाखवले तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. दोन्ही नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

तांडेल

राखणीला नको, डॉक्टरांशी सहमत. त्याच बागायतदाराला सांगा, पेट्या भरायला ठेवा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, पाच-सात माणसांत बसून. आंबा निवडायचा, पेंढा घालायचा, थर लावायचा. हाताला चाळा हवाच आहे त्याला. मजुरी दर शनिवारी आईच्या हातात. ते नाही म्हणाले तर माझ्याकडे बंदरावर जाळी शिवायचं काम आहे, मेअखेरपर्यंत आणि बंदीतही. बोटीवर मात्र ऑगस्टला घेणार नाही. पुढच्या वर्षी डॉक्टर हो म्हणाले तर बघू. ताई, मला व्यनि (खासगी निरोप) करा, मी स्वतः येऊन त्याच्या बापाशी बोलतो.

पुन्हा उभा

गुरुवारी रत्नागिरीला मी येतो सोबत. चिपळूणला गाडीत बसेन. त्याच्या बापाला सांगून ठेवा.